बोलनळीतला शब्द

हेमावतीच्या नावाआधी एकच अक्षर होते: आर. शाळेच्या नोंदवहीत तेच, निवृत्तीच्या दिवशी शालीसोबत मिळालेल्या पितळी तबकावर तेच, आणि आता एन्नोरच्या धक्क्याला कायमची बांधून ठेवलेल्या ‘उग्रतारा’ या जुन्या युद्धनौकेवरच्या तिच्या ओळखपत्रावरही तेच. तमिळ मुलखात वाढलेल्या माणसाला या अक्षराचा उलगडा करून सांगावा लागत नाही. इथे आडनावाची रीत नाही. नावाआधी बापाच्या नावाचे पहिले अक्षर येते आणि तेवढ्यावर माणसाचे सारे भागते. पण संग्रहालयाचे मानद सल्लागार निवृत्त कमांडर बालाजीराव मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते ओळखपत्र न्याहाळले.

“हेमावतीबाई, हे आर काय आहे? आडनाव?”

“आडनाव नाही आम्हांस, साहेब. आर तेवढंच.”

“एका अक्षराचं आडनाव! बरं आहे, सही लवकर उरकते. आणि मराठी कुठलं म्हणायचं हे?”

“तंजावरचं.”

“मग तुम्हालाच काचेच्या पेटीत ठेवायला हवं. खरी पुराणवस्तू तुम्ही. जहाज तर कालचं.”

हेमावती हसली. हे हसू तिने वेस्ट मांबलमच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, आरशासमोर, घोटून घोटून तयार केले होते. कारण त्या अक्षरामागे राणोजी होता. राणोजी म्हणजे तिचा बाप, ‘उग्रतारा’च्या दोन क्रमांकाच्या बॉयलर-रूममधला भट्टी सांभाळणारा स्टोकर. एकाहत्तरच्या युद्धात, डिसेंबरातल्या एका दुपारी, त्याच्या डोक्यावरची पोलादी हॅच, म्हणजे वर जाण्याच्या वाटेचे झाकण, ज्या चोवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने आपल्या हाताने आवळून बंद केली, तो अधिकारी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन तिच्यासमोर उभा होता आणि तिच्या मराठीला हसत होता.

ती नोकरीसाठी आलीच नव्हती. तेहतीस वर्षे इतिहास आणि हिंदी शिकवून झाल्यावर घरी बसण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. पण ‘उग्रतारा’चे संग्रहालय होणार, त्यासाठी तमिळ, मराठी, हिंदी व इंग्रजी जाणणारा लेखनिक हवा, आणि सल्लागार म्हणून अमुक कमांडर काम पाहणार, अशी बातमी वाचली त्या दिवशी तिने पेपर घडी घालून आईच्या तसबिरीखाली ठेवला. काय करायचे ते तिला अजून ठाऊक नव्हते. त्या माणसाच्या जवळ जायचे, एवढेच ठरले होते.

संग्रहालयातले जहाज ही मोठी विचित्र वस्तू असते. ज्या कामासाठी ते बांधले ते काम संपलेले असते आणि तरी त्याने त्याच कामाचा आव आणून उभे राहायचे असते. हेमावतीने पहिल्या सहा महिन्यांत ‘उग्रतारा’चा इतिहास चार भाषांत लिहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यात हे जहाज इंग्लंडच्या उत्तरेकडील एका गोदीत पाण्यात उतरले, तेव्हा त्याचे नाव वेगळे होते. भूमध्य समुद्रात त्याने दोन हिवाळे काढले. युद्ध संपल्यावर आठ वर्षे ते गंजत पडले, मग भारताकडे आले. नाव बदलले, तोफा बदलल्या. आतल्या झडपांवरची इंग्रजी अक्षरे मात्र तशीच राहिली. एकाहत्तरनंतर ते प्रशिक्षणाचे जहाज झाले, आणि भंगारात निघण्याच्या वाटेवर असताना काही मंडळींनी विश्वस्त निधी उभारून ते एन्नोरला ओढून आणले. एका बाजूला औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला कोळ्यांची वस्ती, आणि मध्ये हे राखाडी धूड. राखेचा एक पातळ थर डेकवर रोज बसे आणि रोज झाडला जाई.

तेरा फलकांत तिने हा इतिहास बसवला. चौदावा फलक बॉयलर-रूमचा होता आणि तो तिने शेवटी ठेवला होता.

त्या दुपारी काय घडले याविषयी लेखी पुरावा एकच होता, चौकशीचा अहवाल. जहाजाच्या अगदी जवळ पाण्यात बॉम्ब पडला आणि त्या हादऱ्याने दोन क्रमांकाच्या बॉयलर-रूममधली वाफेची नळी फुटली. आत तिघे होते: राणोजी, सुब्बा आणि शेषाद्री. वर डेकवर, हॅचपाशी, बोलनळीचे तोंड होते. पितळेची ती जाड नळी सरळ खाली जाई आणि खालच्या माणसाचा आवाज जसाच्या तसा वर येई. खालची माणसे जिवंत असतील तर वरची हॅच उघडून त्यांना काढायचे, नसतील तर ती आवळून वाफ कोंडायची, कारण शेजारीच दारूगोळ्याच्या कोठाराची वाट होती, असा नियम होता. सब-लेफ्टनंट बालाजीरावांनी नळीला कान लावला. अहवालाची पुढची ओळ हेमावतीला लहानपणापासून पाठ होती. इंग्रजीतल्या त्या ओळीचा अर्थ असा: स्टोकर राणोजीने सर्व मृत झाल्याचे कळवले. मग त्याचाही आवाज थांबला. हॅच आवळली गेली. वीस मिनिटांनी ती उघडली तेव्हा तिघेही शिडीवर होते, एकाखाली एक, आणि सर्वांत वरच्या सुब्बाचे दोन्ही तळहात हॅचला चिकटलेले होते.

मेलेली माणसे शिडी चढत नाहीत. चौकशी समितीला याचे उत्तर देणे भाग होते. ते समितीने एका वाक्यात दिले: राणोजी घाबरला आणि त्याने चुकीची खबर दिली.

सहकाऱ्यांनी पुढे बॉयलर-रूमच्या दारावर पितळी पाटी लावली. तिच्यावर दोन नावे होती. तिसऱ्या नावाची जागाही सोडलेली नव्हती.

हेमावतीची आई कनका सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून तेव्हा सुब्बाच्या घरी गेली होती. सुब्बा याच एन्नोरचा. त्याची बायको महालक्ष्मी वीसेक वर्षांची असेल. ती दारात उभी राहिली आणि तमिळमध्ये, आवाज न चढवता, म्हणाली, “माझा माणूस जिवंत असताना तुझ्या माणसाने तो मेला म्हणून सांगितलं. आत येऊ नको.” कनका मुलीला घेऊन तशीच मागे फिरली. पुढे तिने फक्त एवढे केले की शाळेत नाव घालताना कारकुनाने “बापाचं अक्षर नको असेल तर आईचं लावू या का” असे सुचवले, तेव्हा ती बाकावरून उठली आणि म्हणाली, “आर. तेच लिहा. ठळक लिहा.”

हेमावतीने बालाजीरावांचा आवाज प्रथम ऐकला तो ध्वनिफितीवर. विश्वस्तांनी दोन हजार तेरा साली जुन्या नाविकांच्या मुलाखती घेऊन ठेवल्या होत्या आणि त्यांचे उतारे काढण्याचे काम तिच्याकडे आले होते. कमांडर इंग्रजीत बोलत होते, ऐटीत, शब्द तोलून. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने विचारले, नेमके काय ऐकू आले? क्षणभर फितीवर नुसती खरखर. मग कमांडर म्हणाले, “तो आमच्याच भाषेतला होता ना, तंजावरचा मराठा. मराठीतच ओरडला बिचारा. मेले, मेले. दोनदा. नंतर एकदा.”

हेमावतीने यंत्र थांबवले.

पन्नास वर्षे तिने तो शब्द इंग्रजीत ऐकला होता. अहवालात मूळ शब्द नव्हताच, फक्त त्याचे भाषांतर होते, आणि भाषांतर वाचून मूळ शब्दाची शंका घ्यावी असे कुणाला सुचले नव्हते. आता तो शब्द तिच्या कानांत पडला आणि तिला आधी ऐकू आला तो बाप. राणोजी सुट्टीवर आला की तिला दोन्ही काखांत धरून भांड्यांच्या फळीपर्यंत उचली आणि म्हणे, मेले. मग खाली सोडी आणि म्हणे, कीळे. बॉयलर-रूममधली हीच बोली होती. खाली तिघे आणि वर नळीपाशी उभा राहणारा खलाशी, सगळे तमिळ बोलणारे. वरची हॅच उघडायची तर खालून ओरडायचे मेले, म्हणजे वर. खालची झडप फिरवायची तर कीळे, म्हणजे खाली. कनका चुलीपासून ओरडे, “घरात मराठी बोला. तमिळ उंबऱ्याबाहेर. वर म्हणा, वर.” तंजावरच्या मराठी घरांत ही शिस्त असे. बाप हसत हसत पुन्हा तिला उचली आणि मुद्दाम म्हणे, मेले.

त्या दुपारी वर नळीपाशी नेहमीचा खलाशी नव्हता. अहवालातच ते लिहिलेले होते: त्याला पाण्याची नळी आणायला पिटाळले होते. त्याच्या जागी साताऱ्याकडचा मराठी माणूस कान लावून उभा राहिला. राणोजी ओरडला, वर. मराठी कानाला ऐकू आले, मेले.

तिने तो तुकडा त्या दिवशी अठरा वेळा ऐकला. रडू आले नाही. अंगात एक विलक्षण थंडपणा शिरला, जणू कुणी तिच्या हातात इतक्या वर्षांनी हत्यार दिले होते आणि ते नेमके तिच्या मुठीच्या मापाचे होते.

तरीही त्या आठवड्यात तिने स्वतःशी वाद घातला. माणूस चुकला. परका शब्द, वाफेचा फूत्कार, चोवीस वर्षांचे वय. त्याला ठाऊक नसेल तर सांगावे, पाटी दुरुस्त करून घ्यावी आणि मोकळे व्हावे. इतिहास शिकवणाऱ्या बाईला शोभण्यासारखे तेच होते. ती तसे करणारही होती. पण गुरुवारी दुपारी उपाहारगृहात कमांडर तिच्या टेबलाशी येऊन बसले, इडलीवर चटणी ओतली आणि गप्पा मारू लागले.

“जेवण झालं?”

“होलं, साहेब.”

“झालं म्हणा हो. होलं काय! तुमचं ऐकलं की मला आमच्या वॉचमनची आठवण येते. वेलचेरीला पूर आला होता ना, पंधरा साली? मी तळमजल्यावर राहायचो. सकाळी उठतो तर पलंगाखाली पाणी. आणि हा वॉचमन जिन्यात उभा राहून बोंबलतोय, मेले, मेले! म्हटलं, गेले कोण? किती? मग शेजारीण म्हणाली, अंकल, वर चला म्हणतोय.” ते खदखदून हसले. “काय भाषा आहे बघा. माणसाला वाचवायला येतात आणि मेले म्हणतात. आता चौथ्या मजल्यावर घर घेतलंय, तरी तो लिफ्टचं दार धरून रोज म्हणतोच, मेले पोंगो सार. मी म्हणतो, जातो बाबा, पण अजून मेलो नाही.”

हेमावतीने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, खाली ठेवला. म्हणजे या माणसाला दोन्ही अर्थ ठाऊक होते. दहा वर्षांपासून ठाऊक होते. आणि त्याने त्याचा विनोद केला होता, इतक्यांदा सांगून गुळगुळीत झालेला.

“छान सांगता, साहेब,” ती म्हणाली. “आवाज तर अगदी हुबेहूब काढता.”

स्वतःशी चाललेला वाद तिथे संपला.

चौदाव्या फलकाऐवजी तिने विश्वस्तांपुढे दुसरी योजना मांडली. बॉयलर-रूममध्ये आता बाजूने दार पाडले होते. पाहुणे आत येत, शिडीखाली उभे राहत आणि डोक्यावर ती हॅच दिसे. तिथे वाचायला फलक नको, ऐकायला आवाज हवा. बोलनळीच्या खालच्या तोंडात छोटा ध्वनिक्षेपक बसवायचा आणि शेजारी एक बटण. विश्वस्तांना कल्पना आवडली. सल्लागारांची लेखी मंजुरी तेवढी हवी होती. तिने संहिता टंकून बालाजीरावांसमोर ठेवली. ती चारच ओळींची होती. वाफेची नळी फुटली. आत तीन माणसे होती. वर एक अधिकारी होता. खालून आलेला शब्द त्यांच्याच आवाजात ऐका.

“शब्द कशाला?” बालाजीराव म्हणाले. “इंग्रजीत सांगू या ना. सर्व मृत झाल्याचे कळवले. लोकांना कळायला हवं.”

“इंग्रजीत अहवालात सगळंच आहे, साहेब. पण तो आवाज ऐकलेला माणूस जगात एकच उरला आहे. जुनी फीत खरखरते. तुम्ही पुन्हा म्हटलंत तर ती नोंद कायमची राहील.”

बाहेर बंदरातली क्रेन फिरत होती, तिच्याकडे ते पाहत राहिले. हेमावतीने वर्गात चुकीचे उत्तर दिलेल्या मुलाची वाट पाहावी तशी वाट पाहिली.

“कुठे बोलायचं?” शेवटी त्यांनी विचारले.

तिने त्यांना हॅचपाशी नेले. वरच्या तोंडाशी ध्वनिमुद्रक धरला. पहिल्यांदा त्यांचा आवाज फार हळू आला. “खालच्या माणसाचा आवाज आहे, साहेब,” ती म्हणाली, “थोडा जोर हवा.” दुसऱ्यांदा ते मध्येच थांबले. त्यांनी पाणी मागितले. तिसऱ्यांदा ते नुसतेच म्हणून गेले, तेव्हा तिने मान हलवली. “तो वाफेत उभा होता ना?” चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटले. पाचव्यांदा जो आवाज आला तो त्यांचा नव्हता. कुणीतरी खोलातून, जिवाच्या आकांताने ओरडत होते. दोनदा. नंतर एकदा.

“हा चालेल,” हेमावती म्हणाली आणि संहितेवर त्यांची सही घेतली.

महालक्ष्मीचे घर तिने पायी शोधले. वस्ती बदलली होती, दार बदलले होते. दारात उभी असलेली बाई चौऱ्याहत्तर वर्षांची, वाकलेली, पण नजर तीच. हेमावतीने संग्रहालयाचे निमंत्रण पुढे केले आणि तमिळमध्ये एवढेच म्हणाली की सुब्बा जिथे गेला ती जागा आता लोकांना पाहता येणार आहे, घरच्यांनी आधी पाहावी. स्वतःचे नाव तिने सांगितले नाही. महालक्ष्मीने कार्ड उलटून पाहिले. “तिथे जाऊन काय ऐकायचं?” तिने विचारले. “तुम्हीच ऐका,” हेमावती म्हणाली.

उद्घाटन डिसेंबरातल्या रविवारी सकाळी होते. भाषणे डेकवर झाली. मग पाहुण्यांना वीस-वीसच्या गटाने खाली नेण्यात आले. पहिल्या गटात महालक्ष्मी होती, शेषाद्रीचे दोन पुतणे होते, विश्वस्तांचे सचिव श्रीनिधी, वस्तीतल्या काही बायका, वेस्ट मांबलमहून आलेल्या हेमावतीच्या जुन्या सहकारी शिक्षिका, आणि त्यांच्याखेरीज, सर्वांत मागे दाराशी, छातीवर पदके लावून, बालाजीराव. त्यांना बसायला खुर्ची दिली होती. ते बसले नाहीत.

हेमावतीने काहीच प्रास्ताविक केले नाही. बटण दाबले.

बोलनळीतून आधी तिचा आवाज आला, शिक्षिकेचा, सपाट. वाफेची नळी फुटली. आत तीन माणसे होती. वर एक अधिकारी होता. खालून आलेला शब्द त्यांच्याच आवाजात ऐका. मग क्षणभर काही नाही. मग तो शब्द आला.

मेले. मेले.

वीस माणसांनी माना वर केल्या.

कुणी कुणाला खूण केली नव्हती. कुणी विचारही केला नसेल. दरवाजात कुणी बाजूला व्हा म्हटले की माणूस बाजूला होतो, तशी ती सारी तोंडे एकदम शिडीवरून चढत वरच्या बंद हॅचकडे गेली आणि तिथे थांबली. श्रीनिधीची मान वर, पुतण्यांची वर, शिक्षिकांची वर, वस्तीतल्या बायकांची वर. साऱ्या खोलीत एकच माणूस समोर बघत होता. समोर बघत असल्यामुळेच त्याला त्या वीस हनुवट्या दिसल्या.

मेले, तिसऱ्यांदा नळी म्हणाली.

महालक्ष्मीची मान सर्वांत शेवटी खाली आली. “उघडायला सांगतोय तो,” ती म्हणाली. हे ती कुणालाच उद्देशून बोलली नाही. मग तिने हेमावतीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. “तू राणोजीची का?”

“हो.”

“तुझ्या आईला मी दारातून परत पाठवलं होतं.”

“हो.”

“आहे ती?”

“नाही.”

महालक्ष्मीने मान डोलावली. क्षमा वगैरे तिने मागितली नाही, आणि हेमावतीलाही ती तिच्याकडून नको होती. म्हातारीने दाराकडे बोट केले. “आणि हा कोण?”

“हे वर उभे होते. नळीला कान लावून.”

महालक्ष्मी माणसांतून वाट काढत बालाजीरावांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या पदकांएवढीच तिची उंची. तिने उजव्या हाताचे बोट छताकडे उभे केले आणि लहान मुलाला पहिला शब्द शिकवावा तसे, सावकाश, दोन्ही स्वर ओढून म्हणाली, “मे-ले.” मग पदर सावरून बाहेर गेली. तिच्यामागून एकेक करून सगळेच गेले. श्रीनिधी काही बोलणार होता, पण हेमावतीच्या चेहऱ्याकडे पाहून तोही गेला.

बालाजीराव आता खुर्चीवर बसले.

“आर,” ते म्हणाले. “आर म्हणजे राणोजी.”

“पहिल्या दिवशी विचारलं होतं तुम्ही.”

“मला मराठीच ऐकू आलं होतं, हेमावतीबाई. तुळजाभवानीची शपथ.”

“तेव्हा आलं असेल. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पुराचा तो विनोद सांगताना कधी आठवलं नाही, साहेब?”

त्यांनी पदकांवरून हात फिरवला. “आठवलं आधी. विनोद नंतर केला. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दम लागला. पाणी चढत होतं आणि तो खालून ओरडत होता, आणि मी…” ते थांबले. “चार लोकांत सांगून टाकलं की गोष्ट हलकी होते. म्हणून सांगत राहिलो.”

“दहा वर्षं.”

“कुणाला कळवायचं होतं? पत्ता कुठे होता मला?”

“अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे. राणोजीच्या नावापुढे. आम्ही अजून तिथंच राहतो.”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मग रेकॉर्डिंगला हो का म्हणालात?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का नाही.”

हेमावतीने पिशवीतून लिहायची फळी, कागद आणि पेन काढले. हे सारे तिने घरून निघतानाच घेतले होते. “पाटी बदलायची तर सल्लागारांचं पत्र लागतं. लिहा.”

त्यांनी पेन घेतले आणि सवयीने इंग्रजीत तारीख घातली.

“इंग्रजी नको,” ती म्हणाली. “पन्नास वर्षं इंग्रजीच चाललं. तुम्ही मराठीत ऐकलंत, मराठीत लिहा.”

त्यांचे अक्षर वाकडे येत होते. तिने मदत केली नाही. एकदा ते ‘गैरसमज’ असा शब्द लिहू लागले तेव्हा तिने बोट ठेवून तो खोडायला लावला. अखेरीस कागदावर दोन वाक्ये उरली: राणोजी म्हणाला, वर. मी ऐकले, मेले. त्याखाली पूर्ण सही. ती लांबलचक होती, हुद्द्यासकट, आणि तिला बराच वेळ लागला.

“होलं,” त्यांनी पेन ठेवले. तोंडून काय निघाले हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी मान खाली घातली. “आता ते बटण काढाल ना तुम्ही?”

“नाही.”

“पाटीवर नाव येईल की तिसरं. तुम्हाला हवं ते मिळालं.”

“नाव बापाला मिळालं. ते त्याचंच होतं.” तिने कागदाची घडी केली. “आवाज राहील. तुमच्याच सहीने मंजूर झालाय. रोज वीस-वीस माणसं येतील, रोज माना वर करतील.”

“मी म्हातारा माणूस आहे, बाई.”

“माझा बाप एकतीस वर्षांचा होता.”

बाहेर पुढचा गट येऊन थांबला होता. तिने बालाजीरावांना दंडाला धरून उठवले, अगदी आदराने. कुणी पाहिले असते तर बाई वडीलधाऱ्याला किती जपते असेच म्हटले असते. गँगवेच्या फळीवरून सावकाश उतरवून तिने त्यांना धक्क्यावर उभ्या असलेल्या टॅक्सीपर्यंत नेले, मागचे दार उघडले, त्यांचे पाय आत घेतले. मागे जहाजात कुणीतरी बटण दाबले असावे. इथवर काही ऐकू येत नव्हते, पण बालाजीरावांनी मान तिकडे वळवली.

हेमावती चालकाच्या खिडकीशी वाकली. वेलचेरीचा पत्ता तिने तमिळमध्ये सांगितला, गल्ली सांगितली, इमारतीचे नाव सांगितले. मग, साहेबांना एकटे सोडू नका, प्रकृती बरी नाही, लिफ्टपाशी वॉचमन असतो त्याच्याच हाती द्या, असे बजावले.

“वॉचमनला काय सांगू, अक्का?” चालकाने विचारले.

“काही सांगू नका,” ती म्हणाली. “मेले. तेवढं त्याला येतं.”

मागच्या सीटवर बालाजीरावांनी डोळे मिटून घेतले. हेमावतीने दार लावले, नीट लागले की नाही ते ओढून पाहिले, आणि टॅक्सी वळेपर्यंत तिथेच उभी राहिली.